पेरभर जागा

लॅमिंग्टन रोडवर घेतला, अडीचशे सांगितले,
घासाघीस करून दोनशे दहाला.
टोकाला टिकलीएवढी पारदर्शक चकती,
चकतीच्या मधोमध सुईचं नाक.
दुकानदार म्हणाला, "काका, देवानं दहा दिलीत की."
"दिलीत," म्हटलं, "पण सगळी जाड."

चौतीस वर्षं पाणीखात्यात ड्राफ्ट्समन.
ट्रेसिंग कागद, शून्य दशांश दोनचं पेन,
चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं,
श्वास धरून, कागदाला कळू न देता.
त्या हाताला आता काचेवर
बोट फिरवायला लावतात,
रांगोळी पुसल्यासारखं.

खरं सांगतो, पहिला आठवडा
पैसे पाण्यात.
(आमच्या खात्यातल्या माणसानं हे म्हणू नये.)
रेघ टोकाच्या मागून येते,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखी,
वळणावर तर थांबून विचार करते.
तळहात टेकला की स्क्रीन बावचळतो,
म्हणून मनगट अधांतरी,
आणि रात्री खांदा बोलतो.
चकती दोनदा हरवली,
एकदा तांदळात सापडली.

आणि अक्षर!
ज्या अक्षराला बघून साहेब लोक
फाईल उलट्या बाजूनं चाळायचे,
ते या फोनला लागेना.
ळ काढला की त्याला दिसतो आडवा आठ.
"कुंदा वहिनी, रविवारी येतो" लिहिलं,
त्यानं पाठवलं "कुंदा वाहिनी".
वसईहून उत्तर आलं:
"भावोजी, किती इंची?"

शेजारचा अद्वय विचारत होता,
पेनवाला मोठा फोन घेऊ का, हप्त्यावर?
विचारलं, तुला काढायचंय काय त्यावर?
म्हणाला, काढायचं असं काही नाही.
मग बोट पुरे, म्हटलं.
अंगठासुद्धा चालेल.

मग त्या मंगळवारी, रात्री पावणेअकरा,
वॉर्डातल्या मृण्मयी राऊळचा फोटो आला:
भोईवाडा, खणलेला रस्ता, चिखल,
जेसीबी हात वर करून उभा.
"सर, जुनी बारा इंची कुठून गेलीय?
नकाशात सरळ दिसते, तिथं काहीच नाही."

नकाशा एक्क्याण्णवचा. खाली उजव्या कोपऱ्यात
माझी आद्याक्षरं.

बोट टेकवलं फोटोवर.
बोटाखाली चार फूट रस्ता गेला,
त्यात विजेची केबल, एक गटार
आणि दत्ताच्या देवळीची पायरी.
जे दाखवायचं तेच झाकतं बोट.
इतकी वर्षं इतक्या जणांना रस्ता दाखवला,
हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

चकती ठेवली. तिच्यातून पायरी दिसत होती.
पायरीच्या कोपऱ्यापासून दीड हात,
मग डावीकडे, दिव्याच्या खांबाला वळसा.
लाल रेघ मागून येत होती,
मी थांबलो तिच्यासाठी,
आली.

तो वळसा नकाशात नाही.
पिंपळाचं मूळ आडवं आलं म्हणून
घाडी फिटरनं पाईप वळवून घेतला होता,
मला येऊन सांगितलंही होतं.
ब्लेड हातात होतं,
सरळ रेघ नुकती वाळलेली, इतकी देखणी
की म्हटलं, उद्या खरवडू.
उद्या साहेबांची सही झाली.
घाडी गेला, पिंपळ तोडला,
वळसा तेवढा राहिला,
जमिनीखाली एक, माझ्यात एक.

पाठवलं. दोन निळ्या खुणा.
उशीर झाला होता, तरी झोप नाही.
दोनशे दहा वसूल झाले का,
हा हिशोब करत बसलो,
की पिंपळाचं मूळ कितीला पडलं.

साडेबाराला उत्तर आलं.
शब्द नाही, नुसता अंगठा.
तोही जाडच.